रिंग्जवरचे दोन सेकंद मोजतं कोण?

पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समधली रिंग्जची फायनल संपली की एक तक्रार ठरलेली असते. आठ जण आले आणि आठही जणांनी तेच केलं. हात पसरून क्रॉस, मग आडवं होऊन माल्टीज, मध्ये दोन कोलांट्या, पुन्हा क्रॉस, हँडस्टँड आणि शेवटी पिळा घेत खाली उडी. कपडे बदलले, रूटीन एकच. हाय बारवर निदान कुणी बार सोडून परत धरतो, कुणाचा हात निसटतो, काळजाचा ठोका चुकतो. इथे बघायचं काय, असं विचारणारे दर ऑलिंपिकला भेटतात. त्यांची मागणीही ठरलेली असते. रचनेला वेगळे गुण द्या, कल्पकतेला बक्षीस द्या. महिलांच्या फ्लोअर आणि बीमवर कलात्मकता तपासतात, तसं इथेही काहीतरी आणा.

तक्रार निम्मी खरी आहे. मागणी मात्र मला साफ चुकीची वाटते. रिंग्जवर रचना नसते असं नाही. रचना असते, आणि चांगलीच अवघड असते. पण ज्या नियमाच्या आधारावर ती उभी असते तोच नियम आपण वर्षानुवर्षं ढिला सोडलाय: होल्ड, म्हणजे एका स्थितीत स्थिर थांबणं, दोन सेकंद टिकला पाहिजे. नवे गुण शोधून काढण्याआधी हा जुना काटा नीट लावावा. तो लागला तर कोच मंडळींना रचनेचा विचार करावाच लागेल, कुणी वेगळं सांगायची गरज पडणार नाही.

हे पटवायचं तर आधी रूटीन बांधलं कसं जातं ते बघावं लागेल.

उपकरण दिसायला अगदी साधं. लाकडाच्या दोन रिंगा, आतला व्यास १८ सेंटिमीटर, एकमेकींपासून ५० सेंटिमीटरवर, जमिनीपासून २.८० मीटर उंचीवर टांगलेल्या. कोच जिम्नॅस्टला उचलून रिंगा धरायला मदत करतो आणि बाजूला होतो. तिथून साधारण मिनिटभराच्या आत सगळं संपतं. घटकांचे चार गट आहेत: स्विंगचे घटक आणि स्विंगमधून हँडस्टँड, बळाचे घटक आणि होल्ड, स्विंगमधून थेट बळाच्या होल्डमध्ये जाणं, आणि डिसमाउंट, म्हणजे शेवटची खाली उडी. चारही गटांतलं काही ना काही दाखवावं लागतं. प्रत्येक घटकाला दर्जा असतो: ‘ए’ला ०.१, ‘बी’ला ०.२, असं चढत चढत. त्यांची बेरीज आणि गटांचे गुण मिळून डी स्कोअर, म्हणजे अवघडपणाचे गुण, होतो. ई स्कोअर, म्हणजे सफाईचे गुण, दहापासून सुरू होतो आणि चुकांप्रमाणे घटत जातो. २०२५पासून सीनियर पुरुषांना आठच घटक मोजून मिळतात; त्याआधी दहा मिळायचे. एका गटातले चारपेक्षा जास्त चालत नाहीत.

आणखी दोन अटी रचनेच्या मुळाशी आहेत. बळाचे घटक सलग तीनच घेता येतात. चौथा हवा असेल तर मध्ये निदान ‘बी’ दर्जाचा स्विंग घालावा लागतो. आणि स्विंगमधून एक हँडस्टँड दाखवणं सक्तीचं आहे, तोही दोन सेकंद थांबवून. आठातून डिसमाउंट आणि स्विंगच्या जागा वजा केल्या की बळाच्या घटकांसाठी पाच-सहा जागा उरतात. एकच स्थिती किती वेळा मोजायची यावरही बंधन आहे, त्यामुळे सगळीकडे माल्टीजच भरून ठेवता येत नाही. म्हणजे हातात पाच-सहा सोंगट्या आणि पट आधीच आखलेला. आठही जण सारखे का दिसतात, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं खांद्यात आहे. साठ किलोचा जिम्नॅस्ट क्रॉसमध्ये असतो तेव्हा प्रत्येक हातावर तीस किलो येतात, आणि तेही खांद्यापासून दोन फुटांवर. खांद्याभोवतीचे स्नायू मात्र सांध्यापासून काही सेंटिमीटरांवरच हाडाला जोडलेले असतात, म्हणून त्यांना वजनाच्या कितीतरी पट ओढावं लागतं. त्यात रिंगा बाहेर ढकललेल्या असतात आणि तिरप्या झालेल्या केबल त्यांना सतत आत खेचत असतात. माल्टीज तर त्याहून जड. जिम्नॅस्ट पालथा, जमिनीला समांतर, हात बाजूला पसरलेले, कोपरं ताठ, रिंगा कमरेच्या जवळपास. खांदे, कंबर, टाचा आणि रिंगा सगळ्यांची पातळी एक. बाजूला बसलेला पंच खांद्यापासून टाचेपर्यंत मनात एक रेघ ओढतो आणि ती किती ढळली ते बघतो. १५ अंशांपर्यंत ढळली तर ०.१, ३०पर्यंत ०.३, ४५पर्यंत ०.५. त्यापुढे घटक धरलाच जात नाही. सरावलेल्या डोळ्याला आणखीही दिसतं. खांदा रिंगेच्या वर उरला तर माल्टीज प्लांशकडे, म्हणजे रिंगांच्या वर आडवं राहण्याच्या सोप्या स्थितीकडे, झुकलेला असतो. मनगट आत मुडपून फॉल्स ग्रिप घेतली असेल तर जिम्नॅस्टने स्वतःसाठी थोडी सवलत करून घेतलेली असते. आणि स्विंगमधून येताना खांदे आधी वर जाऊन मग हळूच जागेवर उतरले, तर तो घटक सरळ आलेला नाही, उतरवून बसवलेला आहे.

आता या पाच-सहा जागा भरायच्या कशा? इथे टीव्हीवरचे समालोचक ताकदीचं कौतुक करण्यात इतके गुंग होतात की खरी गंमत निसटून जाते. ताकद लागतेच, ती नसेल तर कुणी फायनलला पोचतच नाही. प्रश्न असतो क्रमाचा.

पहिला हिशोब दमाचा. ताज्या खांद्यांनी पहिल्या तीन जागांवर सगळ्यात जड माल काढून टाकायचा आणि दुसऱ्या फेरीत हलकं घ्यायचं, ही रूढ पद्धत. बहुतेकांना ती मानवते. पण तिची एक किंमत आहे. पहिल्या तीन होल्डमध्ये जिम्नॅस्ट नीट श्वासही घेऊ शकत नाही, छाती आणि पोट आवळलेलं असतं. मग येतो स्विंग. त्या स्विंगमधून तो जेव्हा परत बळाच्या घटकात शिरतो, तेव्हा हलका म्हणून ठेवलेला क्रॉसही हलका राहिलेला नसतो. रूटीन मोडतं ते बहुतेक वेळा इथे, दुसऱ्या फेरीच्या पहिल्या होल्डमध्ये. वर जाणं महाग आणि खाली येणं स्वस्त, हाही हिशोबाचा भाग आहे. वरच्या स्थितीतून हळूच खालच्या स्थितीत उतरण्यापेक्षा खालून दाबत वर जायला ताकद जास्त लागते, आणि नियमही साधारण तसाच भाव देतात. म्हणून हुशार कोच चढण पहिल्या फेरीत घालतो आणि उतरण दुसऱ्या फेरीत.

दुसरा हिशोब केबलचा, आणि हा मला जास्त रंजक वाटतो. या उपकरणाचं नावच स्टिल, म्हणजे स्थिर, रिंग्ज. रिंगा हलता कामा नयेत. पण मधला स्विंग सहसा यामावाकी किंवा जोनासन असतो: सरळ हातांनी रिंगांवरून जाणाऱ्या दोन पुढच्या कोलांट्या, यामावाकीत शरीर गोळा करून, जोनासनमध्ये कमरेत वाकून. एवढं शरीर पुढे-मागे फिरलं की केबलना झोका मिळतो. केबलची लांबी साधारण तीन मीटर. एवढ्या लांबीच्या लंबकाला एक पूर्ण झोका घ्यायला साडेतीन सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे दोन सेकंदांच्या होल्डमध्ये अर्ध्याहून जास्त झोका होऊन जातो. स्विंग जरा जरी बेताल झाला, तरी पुढचा क्रॉस हा सरकत्या रिंगांवरचा क्रॉस होतो. जिम्नॅस्ट स्वतः दगडासारखा स्थिर असला तरी सगळं मिळून चाललेलं असतं पुढे-मागे. म्हणून स्विंगनंतर लगेच काय घ्यायचं, हा रचनेतला सगळ्यात नाजूक निर्णय आहे. खेचत खेचत वर नेणारा, वाटेत झोका जिरवून टाकणारा घटक घ्यायचा, की थेट होल्डमध्ये उडी मारून जास्त दर्जा पदरात पाडून घ्यायचा? पहिला पर्याय ०.१ किंवा ०.२ कमी देतो. दुसरा जमला तर छान. नाही जमला तर त्या होल्डचं आणि त्याच्या पुढच्याही होल्डचं वाटोळं. सक्तीचा हँडस्टँड कुठे ठेवायचा हाही याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. शेवटी ठेवला तर आधीचा सगळा झोका त्याच्या माथी येतो, आणि हात केबलला टेकला की तिथेही कात्री लागते.

प्रेक्षकाला दिसत नाही ती रचना ही. आठ जणांनी तेच आठ घटक घेतले तरी क्रम वेगळा असतो, आणि रूटीन उभं राहतं किंवा कोसळतं ते क्रमावर.

मग बिघडतं कुठे? पैशाच्या व्यवहारासारखं कोरडं गणित करून बघा. ‘डी’ दर्जाचा होल्ड काढून त्या जागी ‘ई’ दर्जाचा घातला तर ०.१ मिळतो. ‘एफ’ घातला तर ०.२. हा नवा होल्ड दोन सेकंद टिकला नाही तर नियमाप्रमाणे ०.३ जातात, आणि अजिबात थांबलाच नाही तर घटक बाद आणि वर ०.५ची कात्री. नियम अक्षरशः पाळले गेले तर कुणीही शहाणा माणूस न पेलणारा ‘एफ’ घेणार नाही. ०.२साठी ०.३ पणाला लावणं हा आतबट्ट्याचा धंदा आहे.

पण ई पॅनेलचे पंच दोन सेकंद मनात मोजतात. रूटीन भराभर पुढे जात असतं, कोन बघायचा असतो, कोपर बघायचं असतं, रिंगांचा झोका बघायचा असतो, लिहायचंही असतं. दीड सेकंदाचा होल्ड एका पंचाला दोनचा वाटतो, दुसऱ्याला नाही. नंतर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडे वगळून सरासरी काढतात. समजा अर्ध्या पंचांनी ०.३ कापले आणि अर्ध्यांनी काहीच नाही. सरासरी कात्री ०.१५च्या आसपास येते. वरचा दर्जा घेऊन मिळाले होते ०.२. म्हणजे न पेललेल्या होल्डवर ०.०५चा नफा. असे पाच होल्ड मांडा, पाव गुण होतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या लिऊ यांगला १५.३०० आणि त्याच्याच देशाच्या झोउ जिंगयुआनला १५.२३३ मिळाले. सुवर्ण आणि रौप्य यांच्यातलं अंतर ०.०६७. २०१२ला लंडनमध्ये ब्राझीलच्या आर्थर झनेटीने १५.९०० मिळवून चीनच्या चेन यिबिंगला १५.८००वर मागे टाकलं, अंतर ०.१. तिथे पाव गुण म्हणजे पदकाचा रंग, कधी कधी पदकच.

या चौघांपैकी कुणी फायदा उपटला असं मी सुचवत नाही. ते आपापल्या काळातले रिंग्जवरचे सर्वांत नेटके जिम्नॅस्ट आहेत. मुद्दा बक्षिसाचा आहे. नियमपुस्तक सांगतं की पेलेल तेवढंच घ्या, आणि पंचांचा टेबल सांगतो की जास्त घ्या, निम्मं तरी खपून जाईल. कोच टेबलाचं ऐकतो. का ऐकू नये? मग सगळेच आपल्या ताकदीच्या एक पायरी वरचे घटक घेतात. एक पायरी वरचे घटक मोजकेच असतात आणि सगळ्यांना तेच माहीत असतात. रूटीनं एकसारखी होतात, होल्ड दीड सेकंदाचे होतात, आणि प्रेक्षक म्हणतो की यात रचना कुठे आहे.

आता रचनेला वेगळे गुण द्या म्हणणाऱ्यांकडे वळू. पहिली गोष्ट, हे गुण देणार कोण आणि कशावर? होल्डचा कोन मोजता येतो, वेळ मोजता येते. ‘कल्पक’ क्रम कोणता हे ठरवायला पंचाला स्वतःची आवड वापरावी लागेल, आणि आवड लागू झाली की नाव, देश आणि गेल्या वेळचं पदक हळूच आत शिरतं. या खेळाने ते भोगलंय. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धा गुणांच्या वादांनी गाजल्या. रिंग्जवर ग्रीसचा दिमोस्थेनिस तांबाकोस ९.८६२ मिळवून घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकला, बल्गेरियाचा योर्दान योव्हचेव्ह ९.८५०वर राहिला आणि बल्गेरियाने त्यावर हरकत घेतली. दहाच्या छताखाली सगळे इतके दाटीवाटीने बसायचे की आधीच्या काळात सुवर्ण वाटूनही द्यावं लागलं: १९८४ला जपानचा कोजी गुशिकेन आणि चीनचा ली निंग, १९८८ला पूर्व जर्मनीचा होल्गर बेहरेंट आणि सोव्हिएत संघाचा दिमित्री बिलोझेर्चेव्ह. २००६मध्ये दहाचं छत काढलं आणि अवघडपणा व सफाई वेगळी मोजायला सुरुवात झाली. ती सुधारणा योग्यच होती. तिच्यावर आता पुन्हा ‘एकंदर छाप’ नावाचं ठिगळ लावणं म्हणजे पुढे टाकलेलं पाऊल मागे घेणं.

दुसरी गोष्ट, नवेपणाला आजही बक्षीस आहे. मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा यशस्वी केलेल्या घटकाला जिम्नॅस्टचं नाव मिळतं. सोव्हिएत संघातर्फे खेळणारा आर्मेनियाचा आल्बर्ट अझारियन १९५६ आणि १९६०मध्ये रिंग्जचा विजेता होता, आणि सरळ हातांनी हळूच मागे गुंडाळत क्रॉसमध्ये येण्याला आजही अझारियनच म्हणतात. यामावाकी, जोनासन, नाकायामा ही सगळी अशीच माणसांची नावं. ज्याला काही नवं सुचतं त्याला दार बंद नाही. अडचण आहे ती नवं काही नीट थांबवून दाखवण्यापेक्षा जुनं जड काही घाईत उरकणं स्वस्त पडतं, ही.

घटक दहावरून आठवर आणले, त्याने प्रश्न सुटेल असं अनेकांना वाटलं. निर्णय चांगलाच होता. पण अर्धवट. जागा कमी झाल्या की प्रत्येक जागेवर जास्तीत जास्त जड काही बसवण्याचा मोह वाढतो, आणि दीड सेकंद खपत असेल तर तो मोह आवरायचं कारणच उरत नाही. आठ घटक आणि कडक घड्याळ ही जोडी लागते. एकट्याने भागत नाही.

घड्याळ आहे का? आहे. २०१९च्या स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत आंतरराष्ट्रीय महासंघाने फुजित्सूची पंच-साहाय्य यंत्रणा वापरायला सुरुवात केली, आणि पहिल्या काही उपकरणांमध्ये रिंग्ज होत्या. २०२३च्या अँटवर्पपर्यंत ती सगळ्या उपकरणांवर पोचली. ती शरीराची त्रिमिती स्थिती टिपते; कोन आणि होल्डचा काळ दोन्ही काढते. रिंग्जसारख्या उपकरणाला याहून सोयीचं यंत्र कोणतं? इथे लवचीक, वादग्रस्त असं फारसं काही नाहीच. खांदा कुठे आहे आणि किती वेळ आहे, एवढंच विचारायचं आहे. माझी मागणी अशी की मोठ्या स्पर्धांमध्ये प्रत्येक होल्डचा काळ पडद्यावर दिसावा, प्रेक्षकांना आणि पंचांना एकाच वेळी. लांब उडीत पाय फळीवर किती होता ते आपण बघतो, टेनिसमध्ये चेंडू रेषेला लागला का ते बघतो. इथे मात्र ज्या दोन सेकंदांवर सगळी किंमत ठरते ते कुणाच्या तरी मनात मोजले जातात.

यंत्र परवडत नाही अशा स्पर्धांचं काय, असा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. उत्तर तितकं अवघड नाही. पुरुषांच्या फ्लोअरवर वेळेची मर्यादा आहे आणि ती मोजायला वेगळा माणूस बसलेला असतो. ज्या उपकरणावर वेळ ही केवळ मर्यादा असते तिथे घड्याळ; ज्या उपकरणावर वेळ हाच घटकाचा प्राण, तिथे नाही! रिंग्जच्या बाजूला एक वेळ-पंच बसवा, त्याच्या हातात स्टॉपवॉच द्या, त्याचं काम फक्त होल्डचा काळ लिहिणं. कोन त्याने बघायचे नाहीत, कोपर बघायचं नाही. होल्ड सुरू कधी झाला यावर मतभेद होतील, कारण शरीर जागेवर येणं आणि पूर्ण थांबणं यात अंतर असतं. होऊ देत. एका कामाला वाहिलेल्या माणसाची चूक सहा कामं एकदम करणाऱ्याच्या चुकीपेक्षा लहानच असेल.

जास्त गंभीर आक्षेप दुसराच आहे. घड्याळ कडक झालं तर जिम्नॅस्ट धोका नको म्हणून अडीच-तीन सेकंद थांबतील. खांद्यावर आणखी ताण, दुखापती आणखी. हे मी हलक्यात घेत नाही. रिंग्जने मोठमोठ्या खांद्यांचा आणि दंडांचा घास घेतला आहे. १९९६चा विजेता इटलीचा युरी केकी दंडाचा स्नायुबंध तुटल्यामुळे २०००च्या सिडनी ऑलिंपिकला मुकला. चार वर्षांनी, ३४व्या वर्षी, परत येऊन त्याने कांस्य घेतलं. २०१६चा विजेता ग्रीसचा एलेफ्थेरिओस पेट्रूनियास २०१८ची जागतिक स्पर्धा दुखऱ्या खांद्याने जिंकला आणि मग शस्त्रक्रियेला गेला. पण मला दिसतं ते असं: खांदा जातो तो पेलणाऱ्या होल्डमध्ये अर्धा सेकंद जास्त थांबल्यामुळे कमी, आणि न पेलणारा होल्ड रोज सरावात धडपडून पकडल्यामुळे जास्त. घड्याळ कडक असेल तर न पेलणारा घटक रूटीनमध्ये राहतच नाही. तो राहिला नाही की रोजची धडपडही राहत नाही. याच उपकरणावर योव्हचेव्ह ३९व्या वर्षी लंडनच्या ऑलिंपिक फायनलमध्ये होता. शरीराला सोसेल अशी रचना केली तर रिंग्ज हे लांब पल्ल्याचं उपकरण आहे.

सगळ्यात मोठा फरक पडेल तो कुमार गटात. सध्या कोवळ्या मुलाच्या रूटीनमध्ये माल्टीज दिसला की निवड करणाऱ्यांचे डोळे चमकतात. तो किती वेळ टिकला हे नंतर कुणी विचारत नाही. यादीत मात्र ‘माल्टीज येतो’ अशी नोंद राहते. मग शेजारच्या कोचलाही आपल्या मुलाला तो शिकवावा लागतो, अजून खांदे आणि कोपरं त्या वजनाला तयार नसताना. होल्डचा काळ गुणपत्रिकेवर छापला तर ही शर्यत बरीचशी मंदावेल. १.१ सेकंदाचा माल्टीज आणि २.४ सेकंदांचा साधा क्रॉस शेजारी-शेजारी लिहिलेले दिसले की निवडकर्त्यालाही कळेल की कोणत्या मुलाच्या हातात पुढची दहा वर्षं आहेत.

मला याचा एक तोटाही मान्य आहे. घड्याळ लागलं की पहिली दोन वर्षं गुण कोसळतील. मोठे आकडे दुर्मीळ होतील, वर्तमानपत्रं ‘दर्जा घसरला’ म्हणतील, आणि काही नामांकित रूटीनं कागदावर केविलवाणी दिसतील. महासंघाला हे परवडणार नाही अशी भीती असेल, तर एक मधला रस्ता आहे. नवी नियमावली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकनंतर येणारच आहे. तोवर एक संपूर्ण हंगाम गुण आज देतात तसेच द्यावेत, कापाकापी बदलू नये. फक्त प्रत्येक फायनलनंतर आठही जणांच्या प्रत्येक होल्डचा काळ आणि कोन जाहीर करावा. शिक्षा नाही, नुसता तक्ता. कोणता घटक काढून टाकायचा ते कोच त्या तक्त्यावरून स्वतःच ठरवतील, आणि पुढच्या हंगामात क्रमही बदलतील.